शेवटच्या फेरीतली जागा

१

फौजदारमावशीनं नोकरीत पुष्कळ प्रेतं पाहिली होती, पण जिवंत माणसाचा इतका मेलेला चेहरा तिनं पहिल्यांदाच पाहिला.

भाची पलंगाच्या कडेला बसली होती. अंगात नवा ड्रेस, शेजारी भरून ठेवलेली बॅग, बॅगेवर मूळ कागदपत्रांची फाईल जशीच्या तशी. बाहेर दिवेलागण झाली होती.

"पाचला बंद झालं, मावशी," ती म्हणाली. "मी झोपले. म्हणजे, मला कुणीतरी झोपवलं."

घरात तिला सगळे ठमी म्हणत. लहानपणी पुस्तक घेऊन बसली की जागची ढिम्म हलायची नाही, म्हणून ठमी. हलली नाही म्हणूनच तर डॉक्टर झाली. पण एकदा डॉक्टर झालं की गंगेत घोडं न्हालं, असं बाहेरच्यांना वाटतं. आतल्यांना विचारा! पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली नाही, तर तुम्ही कुणाच्या तरी दवाखान्यात रात्रपाळी करणारे हक्काचे गडी. ठमी या वीस खाटांच्या दवाखान्यात तेच करत होती आणि दरवर्षी परीक्षा देत होती. पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. दर वेळी यादी तिच्या नावाच्या अलीकडेच आटपायची. यंदा शेवटच्या फेरीत, गाडी सुटता सुटता, तिला सर्जरीची जागा लागली. तीही मोठ्या कॉलेजात, बसनं तीन तासांवर. अट एकच होती. आज संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. नाही झालात तर जागा गेली, आणि वर शिक्षा म्हणून पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बसता येणार नाही.

आणि ठमी सकाळपासून दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, स्वतःच्या खोलीत, गाढ झोपली होती. लघवीच्या तपासणीत झोपेचं औषध सापडलं होतं.

"शेवटचं काय आठवतं?"

"बूट घालायला खुर्चीवर बसले. डोळे मिटायला लागले. बस्स."

मावशीनं खोलीवरून नजर फिरवली. बूट पलंगाखाली नीट जोडीनं ठेवलेले. उशांपैकी एक पलंगाच्या मधोमध, भिंतीकडच्या बाजूला. जागी झाली तेव्हा ठमी कुशीवर होती आणि ती उशी पाठीला लावलेली होती. फोन कपाटात, घडी केलेल्या कपड्यांखाली, बंद करून ठेवलेला. झोपवणाऱ्यानं तिला उचलून पलंगावर आणलं होतं आणि उलटी झाली तरी घशात अडकू नये अशी निजवली होती.

"वैरी मोठा मायाळू दिसतोय," मावशी पुटपुटली. मग तिनं भाचीचे हात हातात घेतले आणि तिथंच थांबली. नऊ नखं गडद लाल रंगवलेली होती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख कोरं होतं.

"हे असंच होतं?"

ठमीनं बोटाकडे पाहिलं. "नाही. काल चिमणीनं दहाही रंगवली होती. हे... हे कुणी पुसलं?"

२

प्रवेश कार्यालयातल्या कारकुनानं फोनवर मावशीचं सगळं ऐकून घेतलं आणि एक जांभई दिली.

"बाई, आम्ही दिवसभर हेच ऐकतो. बस चुकली, आजी वारली, इंटरनेट गेलं."

"माझ्या भाचीला विष घातलंय कुणीतरी."

"मग पोलिसांत जा. तक्रार समिती उद्या दुपारी बसेल, मग प्रवेश कायमचे बंद. पोलिसांत नोंद असेल, कुणी केलं आणि का केलं ते नावानिशी असेल, तर समिती विचार करील. 'अज्ञात इसम' चालणार नाही. तसे इसम आमच्याकडे ढिगानं येतात."

मावशीनं फोन ठेवला. म्हणजे गुन्हेगार उद्या दुपारच्या आत हवा, आणि तोही कबुलीजबाबासकट. नोकरीत असताना तिला असा मुहूर्त कुणी काढून दिला नव्हता.

ठमी एकदम बोलली. "मावशी, माझ्याच्यानं आता पुन्हा नाही होणार. दोन वर्षं आणखी रात्रपाळी, मग पुन्हा ती पुस्तकं... मी मरेन. खरंच सांगते."

मावशीला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. तिनं दुसरं केलं.

"काय काय प्यायलीस सकाळी?"

ठमीनं आठवून सांगितलं. आनंदाचा दिवस, त्यामुळे जो तो तिला काहीतरी पाजत होता. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या चिमणीनं, तीही इथलीच डॉक्टर, चहा केला. मालक डॉक्टरांनी त्यांच्या खोलीत बोलावून ज्यूस दिला. होणारा नवरा फाटकावर कॉफी घेऊन आला. आणि मोठ्या सिस्टरनी, प्रवासात चक्कर येऊ नये म्हणून, ग्लुकोजचं पाणी दिलं.

"चौघं," मावशी म्हणाली. "चला, एकेकाचं तोंड बघू."

३

मालक डॉक्टर टेबलावर चष्मा पुसत बसले होते. वाईट वाटतंय असं त्यांनी दोनदा सांगितलं.

"तुम्हाला तर बरंच झालं की," मावशी म्हणाली. "रात्रपाळीची डॉक्टर हातची गेली नाही. परीक्षाही बंद, म्हणजे पोरगी दोन वर्षं इथंच खितपत पडणार."

डॉक्टर हसले. "तुम्हाला आमचा बाजार ठाऊक नाही. शेवटची फेरी संपली की ज्यांना काहीच लागलं नाही ते सगळे नोकरी मागत फिरतात. डॉक्टर मिळायला वर्षातला सगळ्यात सोपा दिवस कुठला म्हणाल, तर उद्याचा. दुपारीच एकाला ठरवून टाकलाय. तिची खोली रिकामी होईल म्हणून कबूलही करून बसलो. आता त्याला ठेवू कुठं, हीच पंचाईत आहे!"

माणूस काळजाचा दगड होता, पण खोटं बोलत नव्हता. फळ्यावर नव्या डॉक्टरचं नाव लिहूनही झालं होतं.

होणाऱ्या नवऱ्याचं पंखे-मिक्सरचं दुकान होतं. तो ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसून होता. मावशी त्याला आधीपासूनच जावईबापू म्हणे.

"खरं सांगा जावईबापू, तीन वर्षं बायको लांब, हे तुम्हाला पसंत होतं?"

"नव्हतं," तो म्हणाला. "भांडणही झालं आमचं. पण मी बसस्टँडवर उभा होतो मावशी, तिला बसवून द्यायला. ती येईना, फोन लागेना. म्हणून दवाखान्याच्या मोबाइलवर केला. एका बाईनं उचलला. म्हणाली, डॉक्टर मघाशीच गेल्या, रागात होत्या, तुम्हाला भेटायचं नाही म्हणाल्या. मी... मी विश्वास ठेवला." त्याचे डोळे भरून आले. "नसता ठेवला तर?"

"कुठल्या बाईनं?"

"बाईचा आवाज होता एवढंच. मागून कसला तरी आवाज येत होता. टिक, टिक, टिक, एका लयीत."

मावशी उठून उभी राहिली. नाडी आणि रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं की असा आवाज येतो. ते बोटाला चिमट्यासारखं लावतात. आणि नखावर गडद रंग असेल तर आधी पुसून घेतात, नाही तर आकडा चुकीचा दाखवतं म्हणून. मावशीचं स्वतःचं पित्ताशय काढलं होतं तेव्हा तिचंही एक नख असंच पुसलं होतं.

म्हणजे ती बाई फोनवर खोटं बोलत होती तेव्हा निजलेल्या ठमीच्या उशाशीच बसली होती.

४

चौघांत बायका दोनच. त्यांतली चिमणी समोर आली आणि पहिल्या प्रश्नालाच रडू लागली. अंगानं काडी, तिलाही यंदा काही लागलं नव्हतं.

"गुणवत्ता यादीत ठमीच्या मागे कोण होतं?" मावशीनं विचारलं.

"मी."

"लगेच मागे?"

"हो. एका नंबरानं." चिमणीनं नाक पुसलं. "मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. ती गेली नाही तर जागा मला, असंच ना? नाही मिळत मावशी. आधीच्या फेऱ्यांत कुणी जागा सोडली तर ती पुढच्या फेरीत येते. शेवटच्या फेरीनंतर पुढची फेरीच नसते. ठमीची जागा आता कुणाचीच नाही. तीन वर्षं रिकामी राहणार. हे आम्हाला झोपेतसुद्धा पाठ असतं. मी तिला झोपवून मिळवणार काय, डोंबल?"

पोरीचं म्हणणं बिनतोड होतं. ही जागा जाऊन कुणाच्याच पदरात काही पडत नव्हतं. मालकाला ठमी नको होती, चिमणीला जागा मिळणार नव्हती. मग हा उपद्व्याप केला कुणी, आणि कशासाठी?

तेव्हा तिला आणखी एक प्रश्न सुचला. खरं तर तो सगळ्यात आधी सुचायला हवा होता, पण आनंदाच्या बातमीला असले प्रश्न कोण विचारतं!

"मला एक सांग. एवढं मोठं कॉलेज, त्यात सर्जरी. अशी जागा तर पहिल्याच फेरीत झडप घालून नेत असतील. मग ही शेवटपर्यंत उरली कशी?"

चिमणीनं मान खाली घातली. "त्या विभागाची एक तरी जागा दरवर्षी उरते. ज्यांना दुसरं काही मिळतं ते ती घेत नाहीत. घेतलीच कुणी, तर महिना दोन महिने काढतं आणि सोडून पळतं."

"का?"

"झोपू देत नाहीत. पेशंटसमोर कानाखाली मारतात. दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाचा एक मुलगा गेला."

"गेला म्हणजे सोडून?"

"नाही," चिमणी म्हणाली. "गेला."

५

मोठ्या सिस्टरना सगळा दवाखाना मानायचा. दीड वर्षापूर्वी कुठून तरी नोकरी बदलून आल्या होत्या, एकट्याच राहायच्या. मुलगा डॉक्टर आहे, एवढंच लोकांना ठाऊक होतं. मावशी त्याच संध्याकाळी त्यांच्याशी दोन शब्द बोलली होती. बाकी जो तो म्हणत होता, पोरीनं काय नशीब काढलं होतं आणि काय झालं! सिस्टर तेवढ्या नशिबाचं काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "झोपली तरी नीट. या पोरांना झोप मिळते कुठं?"

तेव्हा मावशीला ती माया वाटली होती. रात्रभर तिनं त्यावर विचार केला. सकाळी ती परिचारिकांच्या खोलीत गेली तेव्हा सिस्टर एकट्या बसून कापसाचे बोळे करत होत्या.

"तुमचा मुलगाही डॉक्टर आहे म्हणे," मावशी समोर बसत म्हणाली.

"हो. सर्जरीला आहे."

"कुठल्या कॉलेजात?"

सिस्टर कापूस वळत राहिल्या.

"सिस्टर, मी पोलिसातली बाई, मला आडून बोलता येत नाही. तुम्ही तिला पाण्यातून औषध दिलंत. कुशीवर निजवलंत, पाठीला उशी दिलीत. मधून मधून येऊन बोटाला यंत्र लावून बघत होतात, श्वास ठीक आहे ना म्हणून. त्यासाठी नख पुसलंत. सवयीनं पुसलंत, तुमच्या लक्षातही आलं नसेल. वाईट चिंतणारा माणूस हे करत नाही. ज्याला ती पोरगी वाचवायची आहे, तोच करतो. तुम्हाला तिची जागा नको होती. तिनं तिथं जायला नको होतं, एवढंच तुम्हाला हवं होतं."

बोळा हातातून गळून पडला. सिस्टर रडल्या नाहीत. बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज रोजचाच होता.

"त्याचाही नंबर शेवटच्या फेरीतच लागला होता. आम्ही नाचलो घरात. महिन्याभरानं फोन आला, आई, मी परत येऊ का? मी म्हटलं, वेडा आहेस का? जागा सोडलीस तर दंड, परीक्षा बंद, लोक काय म्हणतील? कळ सोस आणि तीन वर्षं काढ. दर रविवारी तो विचारायचा आणि दर रविवारी मी हेच सांगायचे. एका रविवारी फोन आला नाही."

मावशीनं पडलेला बोळा उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"कॉलेजनं लिहिलं, घरगुती कारणानं खचला होता. घरात मी एकटी. म्हणजे कारण मीच की!" सिस्टर हसल्या, आणि ते हसणं बघवेना. "परवा या पोरीनं उड्या मारत मला तेच कॉलेज, तोच विभाग सांगितला. तिला सांगून ती ऐकणार होती का? मी नाही ऐकलं माझ्या पोराचं. म्हणून निजवली. पाच वाजले तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी वाचलं."

"सिस्टर."

दारात ठमी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?" मावशीनं विचारलं.

"त्या मुलाचं. तो तुमचा हे नव्हतं माहीत. पण तिथं काय चालतं, एक मुलगा गेला, हे सगळ्यांनाच माहीत असतं. आम्ही सगळेच अर्जात ते कॉलेज भरतो. यादीत तळाला टाकतो, पण भरतो." ती पुढे आली आणि सिस्टरच्या पायांपाशी बसली. "तुम्ही मला वाचवलंत असं तुम्हाला वाटतंय, पण तसं नाही ना सिस्टर. इथं राहिले तरी मी जगणार नाहीये. मला जायचंय. मला तुमचा जबाब हवाय."

"कारटे!" मावशी ओरडली. "ऐकलंस ना आत्ता?"

"ऐकलं. तरी हवाय."

सिस्टरनी ठमीच्या केसांवरून हात फिरवला. मग पदराला हात पुसले आणि उठल्या.

"देते," त्या मावशीला म्हणाल्या. "पण का केलं, तेही लिहायला लावा. माझ्या पोराचं सगळं. त्याच्यावर काय बेतलं ते आजवर एकाही सरकारी कागदावर आलेलं नाही."

६

ठाण्यातला फौजदार मावशीच्याच हाताखाली तयार झालेला. "हेतू एका ओळीत लिहू का, बाई?" त्यानं विचारलं. मावशी म्हणाली, "ओळ न् ओळ लिही. हात दुखला तर मी चेपून देईन." सिस्टर सांगत गेल्या, तो लिहीत गेला. मध्ये एकदा त्यानं पेन खाली ठेवून पाणी मागितलं. सगळं झाल्यावर सिस्टरना आतल्या कोठडीत नेलं, तेव्हा त्या ठमीला एवढंच म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर."

समितीनं दुपारी निकाल दिला. उमेदवार स्वतःच्या चुकीविना गैरहजर राहिल्याचं सिद्ध झाल्यानं प्रवेश मंजूर. आजच रुजू व्हावं. आणि खाली एक ओळ होती: जबाबातील विभागासंबंधीचा मजकूर या समितीच्या अखत्यारीत येत नाही.

मावशीनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. गुन्हेगार सापडला होता, शिक्षा व्हायची तिला होणार होती. आणि ज्यांनी एका पोराला मारलं ते आज संध्याकाळी तिच्या भाचीची वाट बघत बसले होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुठलाही तपास पुरा केल्याचा तिला इतका पश्चात्ताप झाला नव्हता.

बसस्टँडवर जावईबापूंनी बॅग वर चढवली. ठमीच्या आईचा फोन आला. ती आनंदानं इतकी ओरडून बोलत होती की सगळ्यांना ऐकू येत होतं. "ठमे, केवढ्या दिव्यातून मिळालीय हो! आता काही झालं तरी जागा सोडायची नाही, कळलं?"

"हो आई," ठमी म्हणाली.

मावशीनं फोन हिसकावून बंद केला. ठमीचे दोन्ही दंड धरले. "माझं ऐक. नकोसं झालं की निघून यायचं. पहिल्या दिवशी झालं तर पहिल्या दिवशी. कुणाला विचारायचं नाही, मलासुद्धा नाही. कळतंय का तुला?"

ठमीनं तिच्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं. लहान मुलाची समजूत काढावी तशी ती म्हणाली, "शेवटच्या फेरीतली जागा सोडता येत नाही, मावशी. नियमच आहे तसा."

ती बसमध्ये चढली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मावशी बसच्या बाजूनं धावली, काचेवर हात मारत ओरडली, "नियम गेला खड्ड्यात! तू ये! ऐकतेस का, तू ये!"

काच बंद होती. ठमी आतून हसून हात हलवत होती.